नाल्याच्या बांधावरची उडी

—न्हाई साहेब, गाडी खुशाल न्या. तुमचीच हाय, शेडात ताडपत्रीखाली उभी हाय, तिला ओरखडाबी आला न्हाई — पन आमच्या मालकाला शर्यतीला न्यायचा इचार सोडा. घरी न्हाईत ते. सेलूला गेलेत, एकाच्या हिरीवरलं इंजिन बंद पडलंय, त्याचं सामान आनायला. कवा येतील? त्यांचं काय खरं, दिवस मावळंल. आन आले तरी काय — नाद सोडला त्यांनी. शर्यतीचं नावबी काढत न्हाईत. बसा, पानी घ्या. पार पुन्याहून या देवगाव फाट्याला टेम्पो घेऊन आलाव म्हनल्यावर च्या तर घ्यावाच लागंल. पन च्या घेतला की निघायचं.

पाय? बरा हाय. चालतेत — म्हंजे ओढतेत. तुमी कुठं बघितलंय, साहेब. तुमी त्यांना बघितलं ते औरंगाबादेत, आमच्या जुन्या गाडीवर दुसरे आले तवा. साधी रस्त्यावरची फटफटी ती — तिच्यावरच मला माहेरी, चुडाव्याला, न्यायचे, तिच्यावरच मागं पेंडीचं पोतं बांधून आनायचे. शर्यतीसाठी तिचा दिवा काढला, लुगडं चाकात जाऊ नये म्हनून जाळी असती ती काढली, आन चांभाराच्या रापीनं टायरला खाचा पाडल्या, ढेकळात पकड यावी म्हनून. मी म्हनलं, जाळी काढलीव, आता मी बसू कशी? तर नुसते हसले. बाकीच्यांच्या गाड्या परदेशी, उड्या मारायलाच घडवलेल्या, आन त्यांच्यात हे रस्त्याच्या गाडीवर! लोक 'वैजीनाथ मिस्तरी, वैजीनाथ मिस्तरी' करायले. मी दोरीपाशी उभी, पदराचा बोळा दातात धरून — दर उडीला गाडी आदळली की तिच्या लोखंडाचा आवाज माझ्या दातात यायचा.

मग तुमी ही शेडातली दिलीव. सराव कर म्हनलाव, पुढच्या साली माझ्याकडून उतर म्हनलाव. समदं गाव लोटलं बघायला — दिवा न्हाई, भोंगा न्हाई, नंबर न्हाई, मागं दुसऱ्या मानसाला बसायला जागा न्हाई. सासरे म्हनले, हिच्यावर बाजारलाबी जाता येत न्हाई, ही कसली गाडी. टायरं ट्रॅक्टरवानी दातेरी. आमच्या गाडीला मागं दोन शॉकअप, चार बोटं दबतेत आन ठन्न करतेत — हिला मधी एकच, पन ते हातभर खाली बसतंय आन दमानं वर येतंय. नाल्याच्या बांधावरून पहिली उडी घेतली त्यांनी — खोटं कशाला बोलू साहेब — मांजर भिंतीवरून उतरावं तशी उतरली. कुठं लोखंडाचा आवाज न्हाई, काई न्हाई. रोज भाकरी घेऊन मीच जायचे नाल्याला. सासूबाई म्हनायच्या, मी जाते, तुला कामं हायती — मी जाऊ देत नव्हते त्यांना. उडीत वर गेले की मालकाचं तोंड असं — जाऊ द्या. काय सांगत बसले मी.

मग तिची रिंग गेली. पिष्टनची. आपल्या गाडीची बसंना, सेलूला मिळंना, परभनीला मिळंना. तुमाला कळवलं, तुमी धाडतो म्हनलाव. तुमचा कसूर म्हनत न्हाई मी — परदेशातलं सामान, वखत लागनारच. पन शर्यत तोंडावर आली, आन यांना घरात दम निघंना. त्या दिवशी नामांतराचा बंद व्हता. फाट्यावर चिटपाखरू न्हाई, गिऱ्हाईक न्हाई. म्हनले, जुनीच काढतो, हात तरी चालू ऱ्हाईल. आता तुमीच सांगा — एवढे महिने अंगाला हिची सवय, आन बुडाखाली ती. वेग धरला तो हिचा, उडी घेतली ती हिची, आन जमिनीवर आली ती रस्त्याची गाडी. पुढचं चाक धरनारा चिमटा मानंपाशी काडीवानी मोडला. गाडी पायावर. मी भाकरी घेऊन बांधावर पोचलेच व्हते — बघितलं मी. वरडले न्हाईत. पाय भलतीकडंच वळलेला, आन मला म्हनतेत, 'गाडीची चूक न्हाई गं. मी इसरलो, कुठल्या गाडीवर हाय ते.'

बंदामुळं यष्टी न्हाई, जीप न्हाई. दिरानं, सितारामनं, बैलगाडी जुपली. सेलूपस्तोर बैलगाडीत, साहेब — तिला कुठलं आलंय शॉकअप. पाय माझ्या मांडीवर, खड्डा आला की मी दोन्ही हातानं वर उचलायची. काई खड्डे दिसायचे, काई न्हाई दिसायचे. जो न्हाई दिसायचा त्याला ते माझा दंड धरायचे. वळ लय दिवस गेले न्हाईत.

डाक्तरनं आत सळई घातलीय. पुना मोडला तर कापावा लागंल म्हनला. तुमी म्हनताव, ही गाडी मोडत न्हाई. न्हाई मोडत, मान्य हाय. गाडीत लय सुधारना झाली, साहेब — मानसाच्या हाडात काय झाली? हाड तेच हाय, बैलगाडीच्या वखताचं. — चालू हाय का? हो, चालू हाय. तुमची रिंग आली ना मागून, ती यांनीच बसवली, बगलंत कुबडी धरून. रोज पुसतेत तिला. सांजच्याला जनावरं दावनीला बांधली की शेडात जातेत, चढून बसतेत — चालू न्हाई करत, नुसतं डोळे मिटून, आन अंग असं पुढं झुकवून —

मगाशी नाद सोडला म्हनले व्हते न्हवं मी.

न्हाई. त्यांना इचारायचं न्हाई. का म्हंजे? इचारलं तर हो म्हनतील, म्हनून. आन ते हो म्हनले की मला न्हाई म्हनवनार न्हाई, म्हनून. च्या झाला का? उठा मग. डायव्हरला हाक मारा, गाडी भरा आन ते यायच्या आत फाटा सोडा. हात जोडते तुमाला. — काय बघायलाव माझ्या मागं?

सेलूहून कवा आलाव हो तुमी?

दारातच उभे व्हताव व्हय. कवापासून? ...बरं. आता ऐकलंच हाय तर तुमीच सांगा साहेबाला. मी मधी बोलनार न्हाई. हो म्हना न्हाईतर न्हाई म्हना. पन माझ्याकडं बघू नका — त्यांच्याकडं बघून सांगा.

...

फळी लावा म्हनतेत, साहेब. टेम्पोला फळी लावा. ते येत न्हाईत, गाडी तेवढी न्या. — तुमी ऱ्हाऊ द्या, हात लावू नका तिला. डायव्हरलाबी सांगा. तेच चढवनार. आना हो, तुमची काठी द्या माझ्याकडं.

साहेब, त्यांच्या पायाकडं बघू नका. तिकडं रस्त्याकडं बघा. आन चढली की दोरी बांधून जावा. काई बोलू नका त्यांना. जावा.