जुन्या वेगात

हंबीरराव : म्हातारा झालाय म्हण की सरळ! बासष्ट वर्षं झाली माणसाला, त्यात लाज कसली? पण तू लगा त्याला 'मुरलाय' म्हणतोस, तितं माझं डोस्कं उठतंय.

श्रीपाल : मुरलाच आहे. पूर्वी ज्ञानूदा गिटारीवर एका दमात शंभर सूर वाजवायचा. आता चारच वाजवतो. पण चौथ्यावर कसा थांबतो, ते कान देऊन ऐकलंस का कधी?

हंबीरराव : ऐकलं की! जयसिंगपूरची एसटी थांबती तसा थांबतो. परत कवा सुटंल, पत्त्या न्हाय.

श्रीपाल : कर थट्टा. त्याच एसटीनं आलोय मी, भांड्याचं दुकान बंद ठेवून. उद्याच्या कार्यक्रमासाठी.

हंबीरराव : मग उद्याच बघ. चौऱ्याण्णवला कॉलेजच्या गॅदरिंगला 'वीजपंप' बँड पयल्यांदा ऐकला आपण. आठवतंय का? 'आठ तास लाईट' गाणं सुरू झालं, आन मधला दीड मिनिटाचा त्यो ज्ञानूदाचा गिटारीचा तुकडा! बोटं दिसत न्हवती लगा. आपलं अकौंटचं सर खुर्चीवर उभारलं हुतं. आन आता? बोटात स्टीलची नळी घालून तारंवर घसरगुंडी. कुत्रं रडल्यागत आवाज.

श्रीपाल : ती नळी माझ्या दुकानातली आहे.

हंबीरराव : काय बोलतोस!

श्रीपाल : तीन वर्षं झाली. स्वतः आला होता. भांड्याच्या दुकानात ज्ञानूदा! मला तर त्याला कुठं बसवू, असं झालं. म्हणाला, या मापाची नळी कापून दे, कडा घासून गुळगुळीत कर. मी बोटाचं माप घेतलं. म्हटलं, दादा, काहीतरी नवीन चाललंय वाटतं. तो नुसता हसला.

हंबीरराव : म्हंजे तूच बिघडवलास की गाबड्या!

श्रीपाल : बिघडवला? अरे, वयाप्रमाणं माणसाचं वाजवणं बदलणारच. तरुणपणी दाखवायचं असतं, नंतर सांगायचं असतं. बँडच्या चाहत्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मी हेच बोललोय, किती वेळा.

हंबीरराव : ऐकतोय तीन वर्षं तुझं कीर्तन. आळस आलाय त्याला, दुसरं काय न्हाय. म्हणून तर आपण इलाज केला. येताना चौकात बघितलास न्हवं?

श्रीपाल : फ्लेक्स? वीस बाय दहाचा? मी म्हटलं, कुणी आमदार झाला की काय.

हंबीरराव : आपलं दुकान, आपलं मशीन, आपली शाई. 'बोटांचा बादशहा परत येतोय! आठ तास लाईट, जुन्या वेगात! रविवारी!' सोमवारीच टांगला.

श्रीपाल : पण ज्ञानूदा तसं बोलला होता का?

हंबीरराव : त्याला कशाला इचारायचं? मंगळवार पेठेत फ्लेक्स लागला की माणूस मागं सरत न्हाय. सगळी पेठ बघती. आता वाजवल्याबिगर सुटका न्हाय त्याची. अरे, ही बघ कोण आली! ज्ञानूदाची संयोगिता. ये गं पोरी, बस. बघितलास का बापाचा फोटू?

संयोगिता : बघितला काका. तो उतरवा, एवढं सांगायला आले.

हंबीरराव : आँ? फोटू चांगला न्हाय आला?

संयोगिता : उद्या बाबा वाजवणार नाहीत.

श्रीपाल : बाळ, बरं नाही का त्यांना?

संयोगिता : तीन वर्षं बरं नाही, काका. डाव्या हाताच्या शिरा आखडत चालल्यात. बोटांत जोर राहत नाही, तार दाबली जात नाही. नळी असली की दाबावी लागत नाही, नुसती वरून सरकवायची. म्हणून नळी.

श्रीपाल : मला म्हणाला नाही गं. माप घेतलं मी, ते बोट या माझ्या हातात होतं.

संयोगिता : कुणालाच म्हणाले नाहीत. डॉक्टरांनी सांगितलं होतं, आहे तेवढा जोर जपा, नळीवर अजून पाच-सात वर्षं वाजवाल. जपत होते. सोमवारी दूध आणायला गेले, चौकात फ्लेक्स बघितला आणि दूध न घेताच घरी आले.

हंबीरराव : मग? चिडलं का?

संयोगिता : चिडले असते तर बरं झालं असतं. नळी काढून ठेवली. गरम पाण्यात हात बुडवायचे, बोटांना पट्ट्या बांधायच्या, आणि दीड मिनिटाचा तो तुकडा. सकाळी सुरू, दुपारी जेवायला हाक मारली तरी सुरू. पाच दिवस. मी गिटार लपवली, तर माझ्याशी बोलायचे बंद झाले; परत द्यावी लागली.

हंबीरराव : आगं, मला यून दोन शिव्या घालायच्या हुत्यास की!

संयोगिता : आले असते. बाबांनी शपथ घातली. तुम्ही दोघं ग्रुपवर बोलून टाकता ना, ते सगळं ऐकतात ते, माझ्या फोनवर. श्रीपालकाका बोलायला लागले की हसायचे. म्हणायचे, माझ्या मोडक्या बोटाला हा माणूस काय काय अर्थ लावतोय बघ.

श्रीपाल : हसायचे?

संयोगिता : प्रेमानं हो. पण हंबीरकाकांचं ऐकलं की गप्प बसायचे. सोमवारी म्हणाले, सगळ्यांत हंबीर एकटा खरं बोलतोय. वाजत नाही माझं. त्याला एकदा तरी जुनं ऐकवायला पाहिजे.

हंबीरराव : न्हाय गं. मी आपला तोंडाळ माणूस. बोलतोय कायबी. त्याचं काय ऐकायचं?

संयोगिता : आज सकाळी त्या हातात चहाचा कप धरता आला नाही. नळी घालून बघितली, ती पण निसटली. खाली पडली ती बाबांना त्या हातानं उचलता आली नाही.

श्रीपाल : ऑपरेशन करून काही?

संयोगिता : आत्ता डॉक्टरांकडूनच आलो आम्ही. जी शीर शिल्लक होती, तीही गेली म्हणाले. शर्टाची बटणं लावता आली तरी पुष्कळ. गिटारीचं नाव काढू नका म्हणाले.

हंबीरराव : मी संपवलं गं त्याला. तीस वर्षं ज्याच्यावर जीव टाकला, त्याला मी चौकात टांगला. श्रीपाल, बोल की काहीतरी. एरवी लई बोलतोस!

श्रीपाल : माप घेताना एकदा विचारलं असतं, दादा, बोटाला काय झालंय. तेवढं सुद्धा सुचलं नाही मला.

(मागं छपाईचं मशीन चालूच आहे.)

हंबीरराव : मी येतो घरी. पाया पडतो त्याच्या.

संयोगिता : नका येऊ, काका. कुणाला भेटायचं नाही म्हणालेत. फ्लेक्स तेवढा उतरवा.

हंबीरराव : आत्ता उतरवतो. फाडून, जाळून टाकतो.

संयोगिता : फाडू नका. घरी पाहिजे म्हणालेत. गिटारी, स्पीकर, सगळं सामान माळ्यावर टाकायला सांगितलंय मला. त्यावर झाकायला होईल म्हणाले, कापड मोठं आहे.

हंबीरराव : आगं, पण त्याच्यावर त्यांचाच फोटू हाय की.

संयोगिता : मी पण तेच म्हटलं. म्हणाले, फोटो आतल्या बाजूला करून घाल.

हंबीरराव : श्रीपाल, चल. शिडी धराय माणूस लागंल.