काकवीतलं अंडं

गौतमी: काकू, या ग्लासात पाण्यात ठेवलेलं माझं अंडं कुठंय?

सगुणाबाई: आदी सांग, त्याचं कवच कुनी काढलं?

गौतमी: मीच. व्हिनेगरमध्ये ठेवलं की विरघळतं.

सगुणाबाई: नागडं बिचारं! आमच्या तुरेवाल्या कोंबडीचं हाय ते. मी काकवीत ठिवलं. म्हनलं, जरा ताकद येईल.

गौतमी: काकवीत? अहो, ते पाण्यात फुगायला हवं होतं! उद्या साहेब माझा तास बघायला येणार. कॉलेजात मला कायम करायचं की नाही, ते त्यावरच ठरणार आहे.

हैबतराव: मॅडम, हे बगा. सुकल्या बोरागत झालंय. खोली देताना इचारलं व्हतं, मटन-मच्छी करता का. करणी करता का, तेवढं इचारायचं ऱ्हायलं.

गौतमी: काका, अकरावीच्या पुस्तकात आहे हे! पेशीला पातळ पटल असतं ना, तसंच या अंड्याला. पाणी आरपार जातं, साखरेला वाट मिळत नाही. बाहेर काकवी दाट, म्हणून आतलं पाणी बाहेर आलं. परासरण म्हणतात याला.

हैबतराव: आमच्या गावाला असलं पटल पायजे व्हतं. प्लॉटवाले भाईरच ऱ्हायले असते.

सगुणाबाई: म्हंजी मी त्याला खायाला घालाया गेले, आन त्याचंच पानी काढून घेतलं?

गौतमी: हो, काकू.

सगुणाबाई: अगं बया! आता गं?

गौतमी: साध्या पाण्यात ठेवू. पाणी परत आत शिरेल.

(दुसऱ्या दिवशी सकाळी, ग्लासाभोवती तिघं.)

सगुणाबाई: अवो, बगा तरी! कसं टरारलंय!

गौतमी: वाचले मी! आता वर्गात टाचणी टोचली की अशी चिळकांडी उडेल—

सगुणाबाई: टाचणी?

गौतमी: मुलांना आतला दाब दिसायला नको?

सगुणाबाई: मरता मरता वाचलंय ते. टोचायचं न्हाई.

गौतमी: काकू, अंडं आहे ते!

हैबतराव: सोडा मॅडम. तिनं नाव ठिवलंय त्याचं.

गौतमी: नाव? काय नाव?

सगुणाबाई: तुला न्हाई सांगनार. मी येते वर्गात. माज्या मांडीवर बसंल.

हैबतराव: घ्या! आता सांजच्यालाच कळंल काय ते.

(संध्याकाळी, अंगणात.)

हैबतराव: आलात व्हय? काय झालं?

गौतमी: साहेब म्हणाले, दाब कसा दाखवणार? काकूंनी सरळ अंडं त्यांच्या तळहातावर ठेवलं. म्हणाल्या, हळू धरा.

हैबतराव: मंग?

गौतमी: तास संपेस्तोवर साहेब हलले नाहीत.

हैबतराव: आन तुमाला कायम केलं का न्हाई?

गौतमी: केली सही. डाव्या हातानं. उजव्यावर ते झोपलं होतं, काकू म्हणाल्या.