चेहऱ्यावरची निळी चादर

नव्या सुनेला सासूचे हात कधी धरायला मिळतात, सांगू? मोतीबिंदूच्या ऑपरेशनला. आईंचा एक डोळा आधीच गेलेला, हा शेवटचा. नाशिकच्या दवाखान्यात सिस्टरनी त्यांच्या तोंडावर डोळ्यापुरतं भोक असलेली निर्जंतुक निळी चादर टाकली, की आईंनी ती ओढून काढली. दुसरी टाकली, तीही ओढली.

डॉक्टर वैतागले. "मध्येच हात आला तर डोळा जाईल. घरातलं कोणीतरी हात धरा."

मला गाऊन चढवून आत घेतलं. मी दोन्ही हात घट्ट धरले.

चादरीखालून आई हळूच म्हणाल्या, "तुझ्या सासऱ्यांना विंचूरच्या अपघातातून आणलं, तेव्हा तोंड असंच झाकलेलं होतं. मला चादर उचलूच दिली नाही. बायकांनी हात धरले होते, असेच."

"सोडू नका हं," डॉक्टर म्हणाले.

मी सोडले नाहीत.