हरीण आडवं आलं तर

तळेगावच्या हाडांच्या दवाखान्यात नीला एक्स-रेची वाट बघत बसली होती. शेजारच्या बाकावर नवरा-बायको. बाईचा डावा हात प्लॅस्टरमध्ये, नवऱ्याला साधा ओरखडाही नाही.

"दर सोमवारी कंपनीत ड्रायव्हर लोकांना काय शिकवता तुमी?"

"सुभद्रे, हळू. लोक ऐकतायत."

"ऐकू द्या की! काय शिकवता?"

"हरीण आडवं आलं तर ब्रेक दाबायचा. स्टेअरिंग फिरवायचं न्हाई."

"आन काल काय केलंत?"

"अगं, ते एकदम समोर उभं राहिलं. माझ्याकडंच बघत होतं."

"आन मी शेजारी बसून ब्रेक मारा, ब्रेक मारा म्हणून बोंबलत होते, ते?"

"ऐकलं की. पण हात वळलेच."

"वळले! मग झाड कुणाच्या बाजूला आलं?"

नीलानं मोबाइलमध्ये डोकं घातलं, पण कान तिकडंच.

"हरीण वाचलं पण."

"वाचलं ना? मग त्यालाच बोलवा भाकरी थापायला!"

"सोमवारी सुट्टी टाकतो. घरीच थांबतो."

"काही नको. सोमवारी जायचं, आन मलाही न्यायचं. तुमी शिकवा, मी शेजारी हे प्लॅस्टर घेऊन उभी राहते."