चार चिंध्या

(दवाखान्यातलं बाकडं. चार वर्षांची चिमी आईच्या मांडीवर झोपलेली. शेजारी आजोबा, जन्मभर कापड रंगवत आलेले.)

सून : चिमीची लघवी लाल केव्हापासून, असं डॉक्टरीणबाईंनी तीनदा विचारलं. तीनदा मी म्हणाले, आजपासून. आणि तुम्ही आत्ता म्हणताय सोमवारपासून?

आजोबा : लाल नव्हे. काळ्या चहासारखी. रंगात माझी चूक होत नाही.

सून : मग सांगायचं होतं ना, बाबा.

आजोबा : सांगितलं की. सोमवारीच, तू चपला काढत होतीस तेव्हा.

सून : तुम्ही म्हणालात, चिमी झोपेत शेजाऱ्यांकडचा चहा पिऊन येते आणि सकाळी भांड्यात परत करते, बिनदुधाचा.

आजोबा : तू हसलीस.

सून : दोन पाळ्या करून आले होते. आणि त्याच्या आदल्या दिवशी तुमच्या रंगाच्या हौदात म्हैस पडून जांभळं दूध देत होती. मी खरं काय धरायचं?

आजोबा : म्हैस खरी होती.

सून : बाबा.

आजोबा : बरं, शेळी होती.

सून : मंगळवारी पुन्हा का नाही सांगितलंत?

आजोबा : आलो होतो सांगायला. तू ताटावर बसल्या बसल्या झोपली होतीस.

सून : आज तिचे डोळे सुजलेले दिसले म्हणून तरी आणलं. मागे घसा धरला होता, त्यातूनच मूत्रपिंडाला सूज आली असेल म्हणतात. रंग वाढतोय की उतरतोय, तेही विचारत होत्या. वाढत असेल तर इथेच ठेवून घेणार. मी काय सांगू? मी सहाला घर सोडते. भांडं तुम्ही ओतता.

आजोबा : ओतण्याआधी चिंधी बुडवत होतो. ह्या बघ.

सून : शी! खिशात?

आजोबा : वाळवल्यात. चाळीस वर्षं प्रत्येक हौदाचा नमुना असाच काढला. ओला रंग फसवतो. ही सोमवारची. ही मंगळवारची, जास्त गडद. बुधवारची तेवढीच. ही आजची.

सून : फिकी वाटते. का तुमचं आपलं नेहमीचं?

आजोबा : मला विचारू नकोस. खिडकीच्या उजेडात धर.

सून : ...फिकी आहे.

आजोबा : दोन हात रंग उतरलाय. जास्त नाही.

डॉक्टरीणबाई (बाहेर येऊन, चिंध्या बघत) : ह्या कोणी ठेवल्या?

सून : सासऱ्यांनी.

डॉक्टरीणबाई : मला द्या. रक्ताचा रिपोर्ट दुपारी येईल, त्याआधी घरी पाठवत नाही. पण रंग उतरतोय, हे बरं आहे. उद्याचीही काढा, आजोबा.

सून : चिमी उठली की विचारेल, इथे का आलो. तुम्हीच सांगा. तिला तुमच्या पद्धतीनं सांगा, म्हैस घाला, काय हवं ते घाला. मला मात्र यापुढे सरळ.

आजोबा : सरळ?

सून : सरळ.

आजोबा : मंगळवारपासून मला झोप नाही, सूनबाई.