मावशीचं घर सोडून मुक्काम

हसू नका, पण लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर आमी दोघंच येलदरी धरणाच्या पाण्याकाठी दोन दिवस राहायचं ठरवलं, अन् भांडण लागलं ते मुक्काम कुठं करायचा यावरून. काठावरच्याच गावात माझी मावशी राहते. तिचं घर सोडून भाड्याची खोली घेतली असती, तर ती जन्मात बोलली नसती.

बायको म्हणाली, "मावशीकडं गेलं की मी चुलीपुढं अन् तुमी बैठकीत. त्यापेक्षा सेलूतलं आपलं घर काय वाईट?"

खरं होतं. गुपचूप पाण्यालगतची खोली घेतली. मालकानं "कुठले पाव्हणे?" विचारलं, अन् तो निघाला मावशीच्या दिराचा पोरगा. चहा संपायच्या आत मावशी डबा घेऊन दारात.

मी म्हणालो, "मावशी, आमी तुझ्याकडंच येणार होतो."

"कशाला? हिला भाकरी थापायला?"

डबा बायकोच्या हातात देऊन ती पाण्याकडं तोंड करून खुर्चीत बसली. मग म्हणाली, "जन्मभर ह्या पाण्यावर धुणं धुतलं. असं बसून कधी बघितलंच न्हाई."

बायको उठली अन् मालकाला म्हणाली, "भाऊ, शेजारची खोली रिकामी हाय का?"