पांडू तांडेलचं घड्याळ

माझं माहेर नवापूरचं, न् सोळाव्या वर्षी लगीन होऊन सातपाटीला आली तवापासून मी सातपाटीचीच. नाव जनाबाय. बाप होडीवर, आई मासळी विकायची, शाळा म्हनाल तर दुसरीपर्यंत, ती पन पावसाळ्यात होड्या काठाला लागल्या की तेवढीच. आता तुमी त्या घड्याळाचं विचारता, तर आधी माझ्या सासऱ्याचं सांगावं लागेल, कारन घड्याळ त्याचं न् बदनामी पन त्याचीच.

सासरा म्हनजे पांडू तांडेल. तांडेल म्हनजे बोटीवरचा मोठा, त्यानं टाक म्हटलं की जाळं टाकायचं, ओढ म्हटलं की ओढायचं. उंच मानूस, बोलायला कमी, पन एकदा नाय बोलला की देव खाली आला तरी नाय. मी घरात आली तवा तो थकलेला, ओट्यावर बसून जाळी शिवायचा, न् बंडीच्या खिशात ते घड्याळ. चांदीचं, साखळीवालं, मागं झाकन, रोज सकाळी बारकी चावी घालून फिरवायचं. त्या काळात गावात भिंतीवरचं घड्याळ कुनाकडं असेल नसेल, न् आमच्या घरात खिशातलं चांदीचं. लोकांच्या डोळ्यात खुपनारच ना.

ते आलं कुठून, ते मला सासूनं सांगितलं. तारापूरकडं एक पारशी शेट होता, वाडीवाला, त्याचा तरना पोरगा होडी उलटून बुडाला. तीन दिवस सापडला नाय. चौथ्या दिवशी आमच्या बोटीनं जाळं ओढलं तर त्यात तो. आता आमच्यात रीत अशी हाय, दर्यात मढं भेटलं तर त्याला सोडून यायचं नाय, त्यानं तुमाला हाक मारलीय असं समजायचं, न् त्या फेरीची मासळी खायची नाय, विकायची पन नाय, सगळी परत दर्याला द्यायची. सासऱ्यानं भरलेली बोट रिकामी केली, पोराला शिडाच्या कापडात गुंडाळला, न् आपल्या बंदराला न येता थेट तारापूरला नेऊन बापाच्या स्वाधीन केला. शेट काय काय द्यायला लागला, ह्यानं काय घेतलं नाय. मग वरीसभरानं शेट स्वता सातपाटीला आला न् हे घड्याळ हातात ठेवलं, मागं गुजरातीत लिवून आनलेलं. त्यानं वाचून दाखवलं, सासऱ्यानं मान हलवली न् खिशात टाकलं. सासू तवा चुलीपाशी होती, काय लिवलंय ते तिला ऐकू आलं नाय, न् सासऱ्यानं कदी सांगितलं नाय.

मी नवी नवरी, माझी पहिलीच नारळी पुनव. आमच्याकडं पुनवेला नारळ वाजतगाजत दर्यावर नेतात, न् आमच्या घरच्या ताटात नारळाच्या बाजूला ते घड्याळ ठेवायची पद्धत. त्या साली वरच्या आळीतल्या भानूच्या नवऱ्याशी आमचं वाजलं होतं, जाळ्याचे खांब रोवायच्या जागेवरून. भानू माझ्याच वयाची, पन जीभ तिखट. सगळ्या गावासमोर बोलली, मढ्याच्या खिशातलं घड्याळ देवाच्या ताटात ठेवलंय बघा. वाजप थांबलं. कोनीतरी शहान्या मानसानं म्हटलं, तांडेल, मागं लिवलेलं हाय ना, हा वानी उभा हाय, ह्याला गुजराती येतंय, वाचून घेऊ न् तोंड बंद करू. काय सांगू तुमाला, तेवढं वाचू दिलं असतं तर आज मी तुमाला काय सांगत बसली नसती. पन सासरा बोलला, मी काय चोर हाय, तुमाला दाखले दाखवायला? घड्याळ उचललं न् घरी निघून आला. त्याच थंडीत तो गेला, न् गावात ते नाव राहिलं, मढ्याचं घड्याळ.

मग सासूनं एक धरलं. घड्याळ चकचकीत पायजे. काळं दिसलं तर लोक म्हनतील ह्यांच्या पोटातच काळं हाय. दर नारळी पुनवेला चिंच लावायची, मग बारीक रांगोळीनं घासायचं, न् ते काम माझ्याकडं, कारन माझे हात बोंबील वाळत घालून घालून, मिठात बुडवून असे खरखरीत झालेले, नुसता तळवा फिरवला तरी भांडं उजळायचं. सुरवातीला मागच्या झाकनावर अंगठ्याला काय तरी लागायचं. मला वाटायचं नक्षी हाय. त्या रेघांत काळं अडकायचं, चिंचेनं निघायचं नाय, तर मी काडीला फडकं गुंडाळून ते कोरून कोरून काढायची. सासू खूश. किती वरसं असं चाललं म्हनाल, तर सासू म्हातारी होऊन मेली न् माझा प्रमोद कामाला लागला तोवर. मधी कदी तरी ती नक्षी गेली. खरं सांगते, मला बरंच वाटलं, सपाट झालं म्हनजे घासायला सोपं.

आता एक सांगते ते कोनाला सांगितलं नाय. लिवा, मी लपवनार नाय. एकदा मी खलाश्याच्या वाट्यातली दोन पापलेटं विकली. चुकून नाय, मुद्दाम. आमच्या ह्यांना कळलं. हे म्हनजे बापाचीच प्रत, बोलले, पांडू तांडेलच्या घरात चोरी चालनार नाय. माझं टाळकं फिरलं. मी बोलली, मढ्याचा खिसा मारनाऱ्याच्या पोरानं मला शिकवू नये.

हे हात उचलतील असं वाटलं, पन उचलला नाय. माझ्याकडं बघत राहिले, मग चावी खुंटीला टांगली. त्या दिवसापासून त्यांनी घड्याळाला चावी दिली नाय. त्याच्यानंतर वीस वरसं संसार झाला आमचा, पोरीचं लगीन झालं, नवी बोट झाली, हसलो, जेवलो, सगळं केलं, पन त्या बोलन्याचा विषय दोघांनी काढला नाय. मी मनात म्हनायची, कदी तरी माफी मागू. आनि मनात असं पन यायचं, माफी कशाची मागू, खरंच खिशातलं असेल तर? बघा, माझ्याच पोटात शंका होती. भानूला तरी काय दोष देऊ.

हे गेले. प्रमोद बोईसरला कंपनीत हाय, तो मला घेऊन आला, येताना मी घड्याळ आनलं. बोईसरची हवा तुमाला ठावं हाय, कंपन्यांचा वास, तिथं चांदी आठ दिवसात काळी पडते. सातपाटीत वरसातनं एकदा घासायची ते इथं दर शनिवारी घासायला लागली. घरात दुसरं काम नव्हतं. प्रमोद बोलला, आये, ह्याला शौकीन लोक असतात, जुनी घड्याळं जमवनारे, फोटो टाकून बघतो. तर मुंबईहून एक म्हातारे गुजराती शेट आले, नीट मानूस, चप्पल बाहेर काढून आले. डोळ्याला भिंग लावलं, आतलं यंत्र बघितलं, बोलले फार जुनं हाय, बरं राखलंय. मग उलटं केलं न् खिडकीपाशी जाऊन किती वेळ तिरकं धरून बघत राहिले. बोलले, इथं लिवलेलं होतं, ते घासून कोनी काढलं?

मी बोलली, मी. मग विचारलं, काय लिवलेलं असेल? ते बोलले, आता वाचता येत नाय, पन त्या काळी लोक बहुतेक स्वताचंच नाव कोरून घ्यायचे.

स्वताचं म्हनजे त्या बुडालेल्या पोराचं. म्हनजे भानू खरी, न् मी रागात बोलली ते पन खरं, न् इतकी वरसं आमी मढ्याचं नाव घासत बसलो. मी बोलली, घेऊन जा. प्रमोद आये आये करत होता, त्याला सांगितलं, हे घरात नको. शेटनी योग्य ते दिलं, ते मी देवीला दिलं.

सहा महिन्यांनी मुंबईच्या शेटचा फोन. बोलले, आमी चांदी घासत नाय, काळी पडू देतो. तुमचं घड्याळ कपाटात काळं झालं, वरनं नुसता बोटानं हलका हात फिरवला तर खोल गेलेल्या रेघांत काळं राहिलं न् अक्षरं वर आली, सगळी नाय, थोडी. फोटो पाठवला. प्रमोदनं मोठा करून दाखवला, मला काय वाचता येतंय, पन शेटनी फोनवर वाचलं. पयल्या ओळीत पांडू, पुढं तांडेलमधलं अर्धं. खाली, दीकराने घेर लाव्यो. म्हनजे माझ्या लेकाला घरी आनलं.

मला दुसरं काय नाय, आमच्या ह्यांचं ते बघनं आठवलं. त्या काळ्यातच सासऱ्याचं नाव होतं, न् मी काळं राहू दिलं नाय. शेट फोनवर बोलत होते, बाई, हे तुमच्या घरचं हाय, मला पैसे नकोत, येऊन घेऊन जा. मी बोलली, विचार करून सांगते.

दुसऱ्या दिवशी प्रमोदचा फोन घेऊन सातपाटीला गेली, थेट भानूच्या दारात. तीपन म्हातारी झालेली, एकटीच, दारात बसून जवळा निवडत होती. फोटो दाखवला, सगळं वाचून काय निघालं ते सांगितलं. तिनं ऐकून घेतलं न् बोलली, बरं झालं गं, पन मला हे कशाला सांगतेस?

मी बोलली, तू बोलली होतीस ना, पुनवेला, मढ्याचं घड्याळ म्हनून.

ती जवळा निवडायची थांबली. बोलली, मी? मला आठवत नाय बाय.

खोटं बोलत नव्हती. आठवतच नव्हतं. मला चहा दिला, वाटीभर जवळा बांधून दिला, न् मी परत आली. सासू गेली, हे गेले, जिला दाखवायचं तिला आठवत नाय. उरली कोन तर मी.

संध्याकाळी शेटना फोन लावायला सांगितला. प्रमोद बोलला, उद्याच जाऊन आनतो. मी माझे हात बघितले. शेटना बोलली, तुमच्याकडंच राहू दे, घासू नका एवढंच करा. माझ्याकडं आलं तर पुनवेला माझे हात राहनार नायत, मी परत घासीन, न् उरलंय ते पन जाईल. ते बोलले, नाय घासनार.

तुमी लिवून घेतलंत, बरं केलंत. पांडू तांडेल असं पुरं लिवा, अर्धं नको. महालक्ष्मी आई तुमच्या हाताला यश देवो. माझ्या हातांचं काय करायचं ते ती बघून घेईल.